नमद्यातला गोंद

मोटारीच्या डॅशबोर्डमागे, पायाखालच्या गालिच्याखाली आणि डिकीच्या अस्तरात एक करडा नमदा दडवलेला असतो. कारखान्यात त्याला फेल्ट म्हणतात. त्याचा कोपरा नखाने थोडा उसवला, की त्याचे पूर्वायुष्य दिसू लागते: जीन्सचा निळा तंतू, स्वेटरचा तांबडा, गोणपाटाचा पिवळट, मधेच एखादा चमकणारा पॉलिस्टरचा धागा. इंजिनाची घरघर आणि टायरची रस्त्यावरची सळसळ कानापर्यंत येण्याआधी या चिंध्यांच्या गर्दीत जिरते.

अशा नमद्याचे कौतुक होते ते त्याच्या तंतूंसाठी. जुने कपडे वाया गेले नाहीत, हे खरेच चांगले आहे. पण मला इथे बोलायचे आहे ते त्या तंतूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाबद्दल. कारखान्याच्या भाषेत तो बाइंडर. आपण त्याला गोंद म्हणू. वजनात तो नमद्याचा साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा असतो. तंतू आवाज शोषतात, आणि बाकीचे जवळजवळ सगळे हा गोंद ठरवतो. नमदा बनवणाऱ्याच्या छातीत काय जाईल, उन्हात उभ्या गाडीत कसला वास येईल आणि गाडी मोडीत निघाल्यावर तो नमदा पुन्हा कच्चा माल होईल की कचरा, हे तंतूंच्या हाती नसते.

आधी तंतूंचे काम पाहू, म्हणजे गोंदाची गरज नेमकी किती, ते कळेल. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांचे पुढेमागे हलणे. ही हलणारी हवा तंतूंच्या दाट जाळीत शिरली की तंतूंना घासत राहते आणि त्या घर्षणात ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ही उष्णता इतकी थोडी, की हाताला ती कधीच जाणवणार नाही. म्हणजे आवाज गिळते ती तंतूंच्या मधली हवा. तंतू फक्त तिची वाट अरुंद आणि वेडीवाकडी करून ठेवतात. त्यामुळेच नमद्याच्या जाडीला महत्त्व येते. सेकंदाला १००० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, १०० कंपनांच्या आवाजाची जवळजवळ साडेतीन मीटर. दोन-तीन सेंटिमीटरचा नमदा शिट्टीसारखे बारीक आवाज चांगले पकडतो, पण खोल घुमणाऱ्या आवाजापुढे तो एकटा पुरा पडत नाही. तिथे वजन लागते. म्हणून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, नमद्याच्या जोडीला खनिज पूड भरलेल्या जड रबरी थराची चादर बसवतात.

आता भंगाराचे तंतू या कामाला इतके का शोभतात, ते पाहा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या फाडून, त्यांचा पुन्हा पिंजून धागा काढायची रीत बसवली. त्या मालाला शॉडी म्हणतात. आपल्याकडे पानिपतचा मोठा उद्योग याच रीतीवर उभा आहे; जगभरचे जुने कपडे तिथे रंगांनुसार वेगळे होतात, फाडले जातात आणि त्यांच्या चादरी-ब्लँकेटे होतात. मात्र फाडताना तंतू आखूड होतो. सूत कातायचे तर ही मोठी उणीव आहे, कारण आखूड तंतूंचा धागा कमजोर निघतो. नमद्याला सूत लागतच नाही. त्याला हवे असतात कुठल्याही दिशेला पडलेले, वेगवेगळ्या जाडीचे, एकमेकांत अडकलेले तंतू. रंगाचा प्रश्न नाही, कारण नमदा कुणाला दिसत नाही. माल दुसऱ्यांदा वापरला की तो बहुधा एक पायरी खाली उतरतो. इथे चिंधीचा सगळा दोष कामाच्या दृष्टीने दोषच उरत नाही, आणि म्हणून इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरचे वेस्ट किंवा शिवणकामाच्या कारखान्यातले कातरण यांना याहून योग्य जागा मला सुचत नाही.

पण नुसते आखूड तंतू म्हणजे कापसाचा भुगा. त्यांना डॅशबोर्डमागच्या वळणावळणाच्या पत्र्याचा आकार द्यायचा, तो आकार दहा-पंधरा वर्षे धक्के आणि उष्णता सोसून टिकवायचा, तर गोंद हवाच. तोही मोजका. जास्त झाला तर तंतूंमधल्या वाटा बुजतात, हवेला आत शिरता येत नाही, आणि ज्यासाठी नमदा बनवला तेच काम बिघडते.

अनेक दशके हे काम फिनॉलिक रेझिनने केले. लिओ बेकलंडने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बॅकेलाइट बनवले, त्याच घराण्यातला हा पदार्थ. नमद्यासाठी त्याची पिठासारखी बारीक पूड वापरतात. ती पिंजलेल्या तंतूंवर भुरभुरायची, गादीसारखा थर तयार करायचा आणि मग सुमारे २०० अंशांच्या साच्यात दाबायचा. पुडीत हेक्झामीन नावाचे रसायन मिसळलेले असते. तापले की ते फुटते, त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया निघतात आणि रेझिनचे रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात. एकदा जखडले की हा गोंद पुन्हा वितळत नाही. स्वस्त, कडक, उष्णतेला न डगमगणारा, आणि आगीत गळण्याऐवजी कोळसा होणारा. त्याचे हे गुण खरे आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय तो इतकी वर्षे का टिकला हे समजणार नाही.

त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली. २० फेब्रुवारी २००३ या दिवशी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॉर्बिन गावी, मोटारींसाठी ध्वनिरोधक थर बनवणाऱ्या सीटीए अकूस्टिक्स या कारखान्यात स्फोट झाला. ७ कामगार गेले, ३७ जखमी झाले. तिथे तंतू काचेचे होते, पण गोंद हीच फिनॉलिक पूड. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात जे निघाले ते वाचताना अंगावर काटा येतो. तापमान नीट राखत नसलेल्या एका भट्टीचे दार उघडे ठेवून काम चालू होते. कामगार तिथे झाडू आणि दाबाच्या हवेने साफसफाई करत होते. साठलेली पूड उडाली, तिचा ढग झाला आणि त्याने पेट घेतला. पहिल्या धमाक्याने तुळयांवर आणि छताजवळ बसलेली आणखी धूळ हलली आणि आग कारखानाभर पसरत गेली. बारीक पूड हवेत पसरली की पिठाच्या गिरणीतदेखील स्फोट होऊ शकतो, हे खरे आहे. पण जो गोंद पूड म्हणूनच वापरावा लागतो, तो हा धोका रोज कारखान्यात आणत असतो. साफसफाईची शिस्त धोका कमी करते, पूड मात्र तिथेच राहते.

दुसरा भाग फॉर्मल्डिहाइडचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सर्वात जास्त संपर्क साच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराचा. त्याच्या कितीतरी खाली, पण शून्य नव्हे, असा संपर्क गाडीत बसणाऱ्याचा. तापमान वाढले की नमद्यातून फॉर्मल्डिहाइड अधिक सुटते, आणि आपल्याकडे वैशाखातल्या उन्हात काचा लावून उभी असलेली गाडी आतून ६० अंशांच्या वर सहज जाते. जपानच्या मोटार उद्योगाने आणि २०११ साली चीनने केबिनच्या हवेसाठी फॉर्मल्डिहाइडची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम धरली. जर्मन उद्योगाची एक चाचणी तर थेट नाकावर चालते. मालाचा तुकडा काचेच्या बरणीत तापवतात, काही माणसे तो हुंगतात आणि १ ते ६ असे गुण देतात. नव्या गाडीचा वास म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो वास कमी व्हावा म्हणून गाडी बनवणारे गेली वीस वर्षे झटत आहेत.

या चाचण्यांच्या रेट्याने जो पर्याय पुढे आला तो मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात गोंद हा वेगळा पदार्थ राहिलाच नाही. तो स्वतः एक तंतू आहे. त्याचा गाभा साध्या पॉलिस्टरचा, २५० अंशांच्या पुढे वितळणारा. वरचे आवरण बदललेल्या पॉलिस्टरचे, ११० अंशांच्या आसपास मऊ होणारे. धंद्यात त्याला लो-मेल्ट फायबर म्हणतात. चिंध्यांच्या तंतूंत तो मिसळायचा, सगळे एकत्र पिंजायचे आणि थरातून गरम हवा सोडायची. आवरण वितळते आणि जिथे दोन तंतू एकमेकांवरून जातात तिथेच चिकटते. गाभा तसाच राहतो. दोन जोडांमधली वाट मोकळी राहते, म्हणजे आवाज गिळणाऱ्या हवेला आडकाठी नाही. उडणारी पूड नाही. साच्यात कुठली रासायनिक क्रिया घडत नाही, त्यामुळे गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटण्याचे कारण उरत नाही. चिंध्या फाडताना उडणारी धूळ मात्र राहतेच, आणि ती ओढून घेणारी यंत्रणा गोंद बदलला म्हणून काढता येणार नाही.

मर्यादाही आहेत. ११० अंशांना मऊ होणारा जोड एक्झॉस्टच्या नळीजवळ चालत नाही. तिथे जास्त तापमानाला वितळणारे आवरण लागते आणि ते महाग पडते. पॉलिस्टर आगीत गळते, म्हणून ज्वाला पसरण्याच्या चाचणीत त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. अमेरिकन नियमानुसार केबिनमधल्या मालावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. पण विजेच्या मोटारीने हा जुना वादच बदलून टाकला आहे. तिच्या बॉनेटखाली तापलेला एक्झॉस्ट नाही, म्हणजे फिनॉलिकच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा तिथे लागू पडत नाही. शिवाय इंजिनाच्या घरघरीमागे लपणारा टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आता उघडा पडतो, आणि मोटरची बारीक शिट्टी ही तर नमद्याच्या खास आवाक्यातली. बॅटरीमुळे आधीच जड झालेल्या गाडीला हलके ध्वनिरोधन हवेच असते. पुणे-चाकणच्या पट्ट्यात जे सुटे भाग बनवतात त्यांनी नव्या गाड्यांच्या आराखड्यात जुना गोंद सवयीने पुढे नेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

सुरक्षित गोंद म्हटले की वनस्पतिजन्य गोंदाचे नाव निघते, आणि इथे जरा सावध राहायला हवे. कागद कारखान्यात लाकडातून वेगळे होणारे लिग्निन फिनॉलच्या काही भागाऐवजी वापरता येते. उसाच्या चिपाडातून फरफ्युरल निघते, त्यापासून फरफ्युरिल अल्कोहोल आणि त्याचे रेझिन. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही वाट आपली वाटावी हे साहजिक आहे. पण हेच फरफ्युरिल अल्कोहोल त्याच कर्करोग संस्थेच्या यादीत ‘संभवतः कर्करोगकारक’ या गटात आहे, आणि लिग्निन मिसळलेले रेझिनही अखेर फॉर्मल्डिहाइडनेच जखडावे लागते. शेतातून आला म्हणून गोंद निर्धोक ठरत नाही. साच्यात तापल्यावर त्यातून काय सुटते आणि त्याचा जोड पुन्हा सुटतो का, हे दोन प्रश्न उसाच्या गोंदालाही विचारायला हवेत.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या घरातली गोधडी जुन्या लुगड्यांची असते. ती जीर्ण झाली की धावदोरा उसवून आतले चांगले थर नव्या गोधडीत घालता येतात, कारण तिचा जोड कापडावर कायमचा हक्क सांगत नाही. फिनॉलिकने बांधलेला नमदा असा उसवत नाही. तो दळून भरणा म्हणून वापरता येतो किंवा भट्टीत जाळता येतो. तंतू म्हणून त्यातला जीन्सचा धागा कायमचा संपलेला असतो. त्या धाग्याचा पुनर्वापर झाला, पण तो शेवटचा. लो-मेल्टचा नमदा पुन्हा फाडता येतो, पिंजता येतो, आणि तापवला की जुने जोड पुन्हा चिकटण्याच्या कामी येतात. तंतू दर खेपेला आखूड होतो, म्हणून थोडा ताजा माल घालावा लागतो. पण अस्तर, नमदा आणि गोंद तिन्ही पॉलिस्टरचे ठेवले, तर तो सबंध भाग बाटल्यांच्या पॉलिस्टरसारखा वितळवण्याचीही वाट खुली राहते.

पत्र्यावर चिकटवायच्या थरांनाही हीच कसोटी लागते. गाडीच्या फरशीवर डांबरी डॅम्पिंग शीट घालण्याची रीत जुनी. आता अनेक कारखाने त्याऐवजी पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक लेप रोबोटने फवारतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात मात्र छतावर घालायची डांबरी शीट गाडीच्या दारात चिकटवून मिळते, आणि मे महिन्यात तिचा वास केबिनभर होतो. ब्यूटाइल रबराची शीट त्याहून खूप बरी, आणि जुन्या ट्यूबांपासून मिळवलेले ब्यूटाइल रिक्लेम रबर हा आपल्या देशात चांगला रुळलेला माल आहे.

भारतात आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले, आणि गाडी बनवणाऱ्यावर तिच्या शेवटाची जबाबदारी आली. या नियमांचे लक्ष्य मोजले जाते ते लोखंड-पोलादावर. ते समजण्यासारखे आहे, कारण गाडीत वजनाने तेच सर्वात जास्त. पण पोलाद वेगळे काढल्यावर मागे उरतो तो फोम, रबर, काच आणि नमद्याचा मिसळलेला भुसा, आणि भंगार केंद्रावरच्या माणसाला हातातला नमदा कशाने बांधला आहे हे नुसते पाहून कळत नाही. युरोपात १०० ग्रॅमपेक्षा जड प्लॅस्टिकच्या भागावर तो कोणत्या प्लॅस्टिकचा आहे याची खूण असावी लागते. तशीच खूण नमद्यावर सक्तीची करावी, आणि तिच्यात तंतूइतकेच ठळक नाव गोंदाचे असावे. साच्यात एक छोटा ठसा कोरला की हे काम होते, आणि मग तो नमदा भट्टीकडे पाठवायचा की पिंजणीकडे, हे भंगार केंद्रावरचा माणूस जागच्या जागी ठरवू शकेल.