सायकलमार्ग आणि नगराची नीती

नगराच्या वैभवाची गणना करताना आपण पूल, उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग यांची नावे अभिमानाने घेतो. परंतु ज्याच्यापाशी एक सायकल आणि स्वतःच्या पायांतील बळ यांखेरीज प्रवासाचे अन्य साधन नाही, असा मनुष्य घरून निघून कामावर सुखरूप पोहोचतो की नाही, ही कसोटी नगराच्या कारभाराला क्वचितच लावतो. माझ्या मते खरी कसोटी हीच होय.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात ही कसोटी लावून पाहावी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगारांपासून महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांचे हे वाहन होते. आज त्यावर मुख्यत्वे दिसतात ते वृत्तपत्रे टाकणारी मुले, रखवालदार, बांधकामावरील मजूर. म्हणजे ज्यांची तक्रार दफ्तरापर्यंत पोहोचत नाही असे लोक.

'सायकलस्वारच उरले नाहीत, तर मार्ग कोणासाठी?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्याचे मूळ जुन्या मानकांतही सापडते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली ठरविलेल्या निकषानुसार, ज्या रस्त्यावर तासाला २०० पेक्षा अधिक मोटारवाहने धावत, तेथे गर्दीच्या वेळी तासाला १०० सायकली असल्या, तरच स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरत असे. परंतु भरधाव वाहनांच्या भयाने ज्यांनी सायकल सोडली, त्यांची मोजणी रस्त्यावर उभे राहून कशी होणार? नदी पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची आवश्यकता ठरविण्यासारखेच हे आहे.

धोरणाचा अभाव आहे, असेही म्हणता येत नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ सालीच स्वीकारले. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. सातारा आणि सोलापूर रस्त्यांवर जलद बसमार्गाबरोबर सायकलमार्गही बांधले गेले. मात्र शहरातील अशा मार्गांवरून डोळे उघडे ठेवून चालावे. खचलेले पेव्हर ब्लॉक, मधोमध उभा विजेचा डीपी, बसथांब्याची शेड, ओळीने लावलेल्या दुचाकी, आणि मोटारसायकली अडविण्यासाठी इतके जवळ रोवलेले खांब की सायकलीचे हँडलही त्यांतून निघू नये! ज्या चौकात संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमका तेथेच मार्ग संपतो. मार्गाची योग्यता त्याच्या एकूण लांबीवर नव्हे, तर अखंडतेवर अवलंबून असते. साखळीची एक कडी तुटली की उरलेल्या कड्यांवर झालेला खर्च व्यर्थ जातो.

ज्या नेदरलँड्सचा दाखला आपण देतो, तेथेही सुरक्षित सायकलमार्गांचे सुख आपोआप अवतरलेले नाही. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा 'बालहत्या थांबवा' अशी मागणी करीत आईबाप रस्त्यावर उतरले; १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिले, आणि आज दिसणारी व्यवस्था त्यानंतरच्या दीर्घ चिकाटीतून उभी राहिली.

आपल्या हातीही साधने आहेत. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचविता येतात. माहिती अधिकाराच्या कायद्याने केवळ कागदपत्रेच नव्हेत, तर प्रत्यक्ष कामेही तपासण्याचा हक्क दिला आहे. 'परिसर'सारख्या संस्था शाश्वत वाहतुकीचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. परंतु आपल्या गल्लीतून शाळेपर्यंतचा रस्ता कोठे तुटतो, हे तेथील रहिवाशाइतके कोण जाणणार?

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, संपूर्ण शहर सुधारण्याची प्रतीक्षा करू नये. आपल्या घरापासून जवळच्या शाळेपर्यंतचा एकच मार्ग निवडावा. टेप घेऊन त्याची रुंदी मोजावी, अडथळ्यांची छायाचित्रे घ्यावीत, शेजाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज प्रभाग कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी, आणि निकाल लागेपर्यंत त्या अर्जाचा पाठपुरावा सोडू नये. सुरक्षित रस्ता हा सायकलस्वारावर केलेला उपकार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. आणि दाद मागणारे नागरिक असतील, तरच मंजूर झालेले आराखडे रस्त्यावर उतरतील.