कोप आणि कोपी

आषाढी झाली, कार्तिकी झाली, आळंदीची वारीही झाली. मार्गशीर्ष लागला की वारकऱ्याची पताका काही दिवस खुंटीला लागते आणि तो आपल्या घरात, आपल्या रानात येतो. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व महिन्यांत मार्गशीर्षाला आपली विभूती म्हटले आहे. आम्ही आमच्यापुरता त्याचा अर्थ असा लावतो की, वारीच्या गर्दीत ज्याला आपण माऊली म्हणून हाक मारली, तो घरी आल्यावर ओळखू येतो की नाही, याची परीक्षा या महिन्यात होते. त्या परीक्षेत आम्ही कसे उणे पडलो, ते आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

गोष्ट २०२४ सालची. त्या वर्षी मार्गशीर्षातली अमावास्या ३० डिसेंबरला, सोमवारी आली होती. हीच आमच्याकडची वेळ अमावास्या; लातूरकडचा शेतकरी तिला येळवस म्हणतो. औसा तालुक्यातील एका माळकरी स्नेह्यांचे बोलावणे होते, म्हणून आदल्या दिवशी आम्ही नांदेडहून एस. टी. ने निघालो. लोह्याच्या पुढे माळेगावला खंडोबाची यात्रा भरली होती. गाडी मुंगीच्या पावलाने चालली. खिडकीतून घोडे दिसले, गाढवे दिसली, घोंगडी पांघरून चहा पिणारी माणसे दिसली. अहमदपूर, चाकूर मागे टाकून लातूरला उतरलो तेव्हा दिवे लागले होते, आणि बाजारात उद्याच्या भज्जीसाठी भाजी घेणाऱ्यांची झुंबड उडाली होती.

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोप करतात, तीवर शाल पांघरतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. घरची बाई आंबिलीचे बिंदगे डोक्यावर घेऊन येते. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, असा नैवेद्य होतो. आंबील पिकावर शिंपडतात. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून बसवतात. जिल्ह्यात सुटी असते, आणि लातूरचे रस्ते दुपारी ओस पडतात. सारे गाव रानात गेलेले असते.

पहाटे आम्ही स्नेह्यांबरोबर रानाकडे निघालो. थंडी मी म्हणत होती. ज्वारीच्या पानांवर दव होते, हरभरा फुलावर होता, पायांना मातीचा गारवा चप्पलेतून लागत होता. दोन शेते ओलांडल्यावर एका उसाच्या फडाच्या कडेला चार-पाच कोप्या दिसल्या. त्यांतून धूर निघत होता आणि धुक्यात मिसळत होता. तो धूर आम्हांस फार सुंदर वाटला. आम्ही क्षणभर थांबून पाहिला, स्नेह्यांना दाखवला, आणि पुढे गेलो.

पूजा झाली, आरती झाली, पंगतीची वेळ आली. स्नेह्यांनी विचारले, "पानं किती झाली?" मोजण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही सांगितले, "चौतीस." तेव्हा स्नेह्यांच्या आई, वय ऐंशीच्या पुढचे, खिरीच्या भांड्याजवळून म्हणाल्या, "अजून सा ऱ्हायली."

आम्ही इकडे तिकडे पाहिले. कोणी दिसेना. आजींनी फडाकडे हात केला. "त्या कडंच्या दोन कोप्यातली. काल मी मोजून आलेय. बाकीचे येशीजवळच्या रानात जायलेत, त्यांना तिथलं बोलावणं हाय."

पंगतीतले एक गृहस्थ भल्या मनाने म्हणाले, "डब्यात भरून पाठवू की." आजी म्हणाल्या, "डबा कुणाला बी देत्यात. येळवसंला माणूस बोलवत्यात." आणि मग थोडे थांबून म्हणाल्या, "भूकंपानंतर आमी बी पत्र्याच्या शेडात दिस काढलेत. मदत लई आली. पण आमच्या शेडात येऊन, चला आमच्या घरी जेवायला, असं म्हणणारं एकच माणूस भेटलं. त्येचंच त्वांड ध्यानात हाय."

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट किल्लारीच्या पंचक्रोशीत कोणी विसरलेले नाही. आम्ही उठलो. बोलवायला आम्हीच जातो म्हणालो.

कोपीपुढे एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. दिवस उजाडायच्या आत ऊस तोडून आली होती. तिच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते. आमची तुळशीची माळ आणि कपाळाचा बुक्का पाहून ती लगबगीने उठली, "माऊली" म्हणाली आणि पाया पडली. आम्ही हात वर करून आशीर्वाद दिला आणि बोलावणे सांगितले.

ती म्हणाली, "उभे का रायलाव? बसा की." पोत्याची घडी पुढे केली. मग हसून म्हणाली, "आमचं बी तीन एकर वावर हाय, मुखेडकडं. माळाचं हाय, पान्यावर भरवसा न्हाई. आज तिथं कोप न्हाई, आंबील शिंपाया कुनी न्हाई. घरी असताव तर आमीच तुमाला बोलावलं असतं."

वाचकहो, हे वाक्य ऐकले आणि आम्ही जी दयेची झूल पांघरून गेलो होतो ती अंगावरून गळाली. आम्ही समजत होतो, देणारे आम्ही आणि घेणारी ती. ती तर आमच्यासारखीच येळवसेची यजमान होती. फक्त तिचे रान दूर होते.

नवरा-बायकोला येता आले नाही. गाडी भरायला येणार होती, मोळ्या बांधावयाच्या होत्या. म्हातारी सासू आणि तीन लेकरे आमच्याबरोबर आली. निघताना तिने थोरल्या मुलाच्या डोक्यावर वाढ्यांची पेंढी दिली. "रिकाम्या हातानं कसं जावं? त्येंच्या बैलाला होईल." पंगतीत चार पाने वाढली गेली, दोन आजींनी झाकून ठेवली. दिवस मावळल्यावर ती घेऊन त्या स्वतः कोपीवर गेल्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. एकच विचार मनात घोळत राहिला. येळवसेचे बोलावणे सर्वांना असते, असे आपण म्हणतो, आणि ते खोटेही नाही. मग कोप्या आमच्या मोजण्यात का आल्या नाहीत? आम्ही काही त्यांना वगळले नव्हते. मनात द्वेष नव्हता, शिवाशिव नव्हती. आम्ही फक्त धूर पाहिला, चुलीजवळचे माणूस पाहिले नाही.

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते. एकटा आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे फडावर माणूस हत्याराच्या नावाने मोजला जातो. पंगतीत तो पानाच्या नावाने मोजला जातो. दोन्हीकडे मोजणीच आहे. पण कोयत्याच्या मोजणीत त्याच्याकडून काय घ्यावयाचे ते असते, पानाच्या मोजणीत त्याच्यापुढे काय ठेवावयाचे ते असते. आपण ज्याला कोणत्या मोजणीत धरतो, त्यावर तो आपल्याला देव दिसणार की धूर, हे ठरते.

आमच्या नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोणी कोणास बोलावीत नाही आणि कोण कुठला असे विचारीतही नाही. जो बसला त्याचे पान. ज्या ग्रंथसाहेबापुढे ते मस्तक ठेवतात त्यात आमच्या नामदेवरायांची पदे आहेत. नामदेवरायांची गोष्ट आपण कीर्तनात शंभरदा ऐकली आहे: कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ऐकताना डोळे भरून येतात. पण त्या गोष्टीतला मुख्य शब्द धावणे हा आहे. देव पानावर येऊन बसेल, मग वाढू, असे ते म्हणाले नाहीत. उठले, आणि गेले.

कोणी म्हणेल, एका पंगतीने काय होणार? आंबिलीने उचल फिटत नाही. खरे आहे. मजुरीचे, लेकरांच्या शाळेचे प्रश्न एका जेवणाने सुटत नाहीत. पण ज्याच्या शेजारी बसून आपण जेवलो, त्याचे लेकरू तापाने फणफणले तर आपल्या कानावर येते. ज्याचा नुसता धूर पाहिला, त्याचे काहीच कानावर येत नाही. अन्याय पुष्कळदा दुष्टपणाने होत नाही, कानावर न आल्याने होतो.

आणखी एक गोष्ट राहिली, तीच सांगावयास जड जाते. ती बाई आमच्या पाया पडली तेव्हा आम्ही आशीर्वाद दिला. वारकऱ्याची रीत तशी नाही. वारीत कोणी पाया पडला की आपणही त्याच्या पाया पडतो. लहान-थोर, जात, गाव काही पाहत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात आम्ही हजारदा वाकलो असू. औशाच्या फडावर वाकलो नाही. तिथे टाळ नव्हता, गजर नव्हता, पाहणारे कोणी नव्हते, आणि अंगात वारकरी नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघताना वाट वाकडी करून कोपीकडे गेलो. ती दोघे तोडीला गेली होती. चुलीत राख होती, म्हातारी लेकरांना धरून आत झोपली होती. आम्ही दाराशी वाकलो आणि परतलो. पण वाकावयाचे होते ते आदल्या दिवशी, माणसासमोर. उशिरा केलेला नमस्कार देवाला चालत असेल. तो त्या बाईपर्यंत पोचला नाही.

आम्ही शाल पांघरून देवासाठी कोप करतो, ती एका दिवसाची. तिच्या शेजारी पाचटाची कोपी उभी असते, ती सबंध हंगामाची. येत्या येळवसेला पाने मोजताना, वाचकहो, आधी बांधावर उभे राहून चारी दिशांना पाहा. धूर दिसला तर तिकडे कोणाला पाठवू नका, स्वतः जा. आणि कोणी पाया पडले तर आशीर्वादाला हात वर नेण्याआधी कंबर वाकवा. आम्हीही तेच करावयाचे ठरवले आहे.

रामकृष्णहरि.