शाईचं बोट आणि रोहित पक्षी

२० मे २०२४ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. दिवसभर टीव्हीवर सिनेतारे शाई लावलेलं बोट दाखवत होते. कोण कुणाबरोबर आलं, कुणी काय घातलं होतं, याची चर्चा झाली. मतदानाला आलेल्या एका गरोदर अभिनेत्रीचं पोट खरं की खोटं, यावर शिकल्यासवरल्या लोकांनी मतं नोंदवली. एका बाईच्या गरोदरपणाचा पुरावा चारचौघांत मागण्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. त्याच रात्री घाटकोपरच्या आकाशात रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उतरत्या विमानाला धडकला. पंतनगर भागात पंख आणि धडं विखुरली. मेलेले पक्षी ३९ भरले.

बातमी आली, हळहळ झाली, विषय संपला. पण त्याआधी कित्येक आठवडे नवी मुंबईचे पक्षिप्रेमी कंठशोष करत होते, की नेरूळच्या तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली आहे आणि रोहित भरकटून रस्त्यावर येताहेत. तळ्याचा आणि अपघाताचा संबंध होता की नाही, ते जाणकारांनी ठरवावं. त्या आठवड्यांत आपण काय वाचत होतो, हे मात्र ज्याचं त्याला ठाऊक.

‘दाखवतात तेच बघतो, आम्ही काय करणार?’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, फोन उघडताक्षणी तारे समोर येतात, ते चुकत नाही. पण स्क्रीनवर बोट कुठे थांबतं, याची ॲपवाल्यांकडे मोजदाद होते आणि उद्या काय दाखवायचं ते त्यावरून ठरतं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड जुनीच. गावच्या पारावरही तेच चाले. पण कुणाकडे चूल पेटली नाही हे तिथे कळलं, तर एखादा उठून भाकरी पोचवत असे. (पाराचे फार गोडवेही नकोत, पोरीबाळींची बदनामी तिथेच होई, आणि कुणी वर बसायचं, कुणी खाली, हे जातीवरून ठरे.) नटाच्या घटस्फोटाची इत्थंभूत माहिती मिळवून आपण कुणाच्या उपयोगी पडतो?

आपल्या गल्लीतल्या झाडाबद्दल काही कळलं, तर निदान काही करता येतं. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरातलं झाड तोडण्याआधी परवानगी लागते, लोकांच्या हरकती मागवतात. खोडाला नोटीस लावलेली असते. पावसानं शाई फुटलेली, एक कोपरा लोंबता. त्याच झाडाच्या सावलीत रिक्षाची वाट बघत चौघे उभे असतात आणि चौघांच्याही फोनवर कुणाचा तरी ‘एअरपोर्ट लुक’.

मुंबईतल्या आरेच्या जंगलात ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या आणि लोक धावले, अटकेत गेले. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. धावले त्यांत आरेला ओळखणारे होते: तिथल्या पाड्यांवर राहणारे, तिथे फिरायला जाणारे, तिथले पक्षी टिपणारे. नाक्यावरचा बहावा फुलला की त्याच्यापुढे सेल्फी काढणारे पुष्कळ, पण एरवी त्याला ओळखणारे किती?

नोटीस दिसली तर झाडाचं नाव, अर्जदार आणि हरकतीची मुदत, एवढं आधी वाचावं. फोन हातात असतोच, फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा. हरकत साध्या कागदावर, मराठीत लिहिता येते. त्यासाठी वकील लागत नाही.