पिनकोड संपतो तिथून पुढे

नागपूरच्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, ‘सेवानिवृत्त पोस्टमन’, पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे. अंत्ययात्रा राहत्या घरून निघून अंबाझरी घाटावर. कुटुंबाला निदान एक ओळ मिळते. उभ्या हयातीच्या नोकरीची बोळवण दोन शब्दांत होते.

हे शहर तर टपालाच्या नकाशाच्या मधोमध. १९४९पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमानं सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. सहा आकड्यांतले शेवटचे तीन पत्राला नेमक्या पोस्टापर्यंत पोहोचवतात. ४४०००१ म्हणजे नागपूरचं जीपीओ.

आकडे तिथेच संपतात.

पुढे इतवारीतली कोणती गल्ली, महाल भागातल्या वाड्याचा कोणता जिना, एकाच नावाच्या दोघांपैकी पत्र नेमकं कोणाचं, हे सगळं पोस्टमनला पाठ असायचं. बीट, म्हणजे वाटपाचा ठरलेला भाग, बदलली की नव्या माणसाला ते पहिल्यापासून शिकावं लागे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हाही फेरी चुकत नसे.

घरांबरोबर माणसंही कळत. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. हळद-कुंकू लावलेलं म्हणजे लग्न. मनीऑर्डर आली की म्हातारीचा अंगठा घ्यायचा, पैसे मोजून हातात द्यायचे, मुलाने फॉर्मवर लिहिलेला मजकूर वाचून दाखवायचा. टपाल फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला १८९८च्या कायद्यात शिक्षा होती. पण पोस्टकार्ड उघडंच असे. त्यावरचा मजकूर पोटात ठेवणं ही त्या माणसाची स्वतःची नीती होती.

तो घरी आला की मुलांचा अभ्यास, आजारपणं, लग्नं यांत गुंतून जाई. दुसऱ्यांच्या घरातलं काही बोलायचं नाही, हा नियम बायकोपुढेही पाळला जाई. त्यामुळे त्याच्या कामाचा सर्वात मोलाचा भाग घरच्यांनाच सर्वात कमी ठाऊक असतो. घरचे सांगतात तो प्रेमळ बाप खराच. पण परक्या घरांत त्याने जपलेला विश्वास त्या आठवणींत येत नाही.

जुलै २०१३मध्ये तार बंद झाली. २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पोस्टमन मात्र अजून दारात येतो. २०१८मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली; आता तो खात्यातली रोकड घरपोच देतो, पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही काढून देतो. आजही अनेक म्हातारी माणसं आपला अंगठा त्याच्याच हाती सोपवतात.

म्हणून पोस्टमन गेला की शोकसभेत नातेवाइकांइतकंच त्याच्या बीटवरच्या लोकांनी बोलावं. त्याने कोणत्या वर्षी कोणत्या गल्ल्या सांभाळल्या, कोणाची पत्रं वाचून दाखवली, कोणाची उत्तरं लिहून दिली, हे घरच्यांनी त्या जुन्या घरांत जाऊन विचारावं आणि नातवंडांसाठी वहीत लिहून ठेवावं. सांगणारी माणसं अजून तिथे आहेत.