संचिताचा पंचनामा होत नाही

दौंडच्या किंवा शिरूरच्या कोर्टात मी एखाद्या पारध्याचं वकीलपत्र घेतलं, की ओळखीतलं कुणीतरी मला बाजूला घेऊन सांगतं, "ताई, त्यांचा जन्मच तसला." सांगणाऱ्याच्या गळ्यात पुष्कळदा तुळशीची माळ असते. मी वरवंडची. यवतचा मुक्काम हलला की तुकोबांची पालखी आमच्या गावी येते, आमच्या घरात वारी आहे. म्हणून ते वाक्य ऐकलं की मला गप्प राहवत नाही.

ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बापाचं पोराला लागत नाही, भावाचं भावाला लागत नाही. पूर्वजन्म मानला तरी ते संचित त्या एका जिवाचं, अख्ख्या पालाचं नव्हे. आणि त्याचा हिशेब देवानं कुणा माणसाच्या हाती दिलेला नाही. संचिताचा पंचनामा होत नाही, त्याला साक्षीदार मिळत नाही. मग त्याची शिक्षा गावानं किंवा हवालदारानं कुठल्या अधिकारानं द्यायची? जन्मावरून माणसाला चोर ठरवणारा आपण धर्म बोलतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो १८७१ चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा बोलत असतो.

त्या कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या, माणसांना हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुना संशय नव्या नावानं चालू राहिला. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावलीतला जातिभेद रद्द केला. विमुक्त जमातींना जन्मानं सराईत मानण्याची वृत्तीही त्या निकालानं मोडीत काढली. कागदावर मोडीत निघाली, एवढंच.

चोरी होते, हे मी नाकारत नाही. ज्याची विहिरीवरची मोटार गेली, त्याचं नुकसान खरं आहे आणि चोर सापडलाच पाहिजे. पण पालावरचा हाताला लागेल तो पुरुष उचलला म्हणजे चोर सापडला असं होत नाही. ज्याला धरलं त्याला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं, नातेवाइकाला कळवायचं, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही घ्यायची, वैद्यकीय तपासणी करायची. हे सगळं कायद्यात आहे, कारण कोठडीत माणसाचा देह त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहत नाही. तो राखण्याची जबाबदारी कोठडीत ठेवणाऱ्यावर येते. १९९८ मध्ये शेजारच्या बारामतीत एक पारधी कोठडीतून जिवंत परतला नाही. शिरूर तालुक्यातल्या सुनीता भोसले यांचं 'विंचवाचं तेल' वाचा, पालावरून हे सगळं कसं दिसतं ते कळेल.

पारध्यांच्या जातपंचायतीत उकळत्या तेलातून नाणं काढायला लावून खरंखोटं ठरवत, तेही मला तितकंच अमान्य आहे. पुरावा नसला की माणूस समोरच्याच्या कातडीला साक्षीला उभं करतो. पालावर असो की चौकीत, पाप तेच.

आणि जामीन! माझा बहुतेक झगडा इथंच असतो. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, आदेशाचा कागद हातात येतो, पण जामीनदार आणायचा कुठून? त्याला सात-बारा लागतो, घराचा उतारा लागतो. पालावर कुणाकडे असतो उतारा? गरिबाला न झेपणारा जामीन मागू नका, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात बजावलं होतं. तरी सुटकेचा आदेश झालेला माणूस येरवड्यात बसून राहतो, आणि त्याची बायको लेकरं घेऊन रोज माझ्या टेबलाशी येऊन बसते. ही शिक्षा त्याच्या कुठल्या कर्माची? ती जमीन नसल्याची शिक्षा आहे.

माझं मागणं माळकऱ्यांकडेच आहे. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या ज्या माणसाच्या नावावर दोन एकर जमीन आहे, त्यानं आयुष्यात एकदा तरी अशा कुणाला जामीन राहावं. सात-बारा, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन कोर्टात या. पुढचे कागद मी करीन.