रविवारी गड, बुधवारी अंथरूण

उभा राहू नकोस, बस. एक जिना चढून आलास आणि अजून तुझा हात थरथरतोय. मला दिसतं सगळं.

आतकरवाडीहून सिंहगडाचा पुणे दरवाजा किती मिनिटांत गाठलास, ते रविवारी साऱ्या ग्रुपला कळवलंस. सोमवारी ऑफिसला दांडी, मंगळवारी कणकण, बुधवारी केस विंचरायला हात उचलेना, हे कुणाला कळवलंस? तुझ्या आईचा फोन आला म्हणून मला समजलं. आणि असा तू शनिवारी कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेकला नवी पोरं घेऊन निघालास! रात्री दोन वाजता त्या टेकड्यांच्या चढ-उतारात तुझे पाय गळाले, तर पोरांनी बॅटरी धरायची की तुला? लीडर स्वतःचं दुखणं लपवून पुढे चालत नाही.

घाम गाळला की ताकद येते, हे निरोगी माणसाचं गणित. कोविडनंतर तुला जडलेल्या या थकव्याला ते लागू पडत नाही. श्रम करताना ठीक वाटतं आणि एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो, ही त्याची खूणच आहे. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा रुग्णांना दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवायला लावली आणि आधी-नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. २०२४ च्या जानेवारीत ते छापून आलं. व्यायामानंतर स्नायूंतली इजा वाढली होती, पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता घटली होती. तेव्हा 'मनाचा कमकुवतपणा' म्हणून स्वतःला चाबूक मारणं बंद कर. आणि तानाजीचं नाव तर घेऊच नकोस. मालुसरे १६७० साली स्वराज्याच्या कामाला सिंहगडाचा कडा चढले. तू मनगटावरच्या घड्याळासाठी चढतोस.

आधी डॉक्टरकडे जा. छातीत धडधडतं म्हणतोस ना? मग ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, काय ते सांगतील ते तपासून घे. सगळंच कोविडच्या माथी मारू नये. आणि वही ठेव: आज किती चाललो, किती वेळ उभा होतो, परवा अंग कसं होतं. दमल्यावर बसू नकोस, दमायच्या आधी बस. ऑफिस आणि घरची कामं करून तिसऱ्या दिवशीही अंग ढासळत नाही, असं सलग काही आठवडे दिसलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पर्वतीची टेकडी. १०३ पायऱ्या नाहीत, निम्म्या. मग तीन दिवस थांबून वही बघायची. गडाची फारच ओढ लागली, तर गाडीने वर जा, दही खा, खाली ये. त्यात कमीपणा कसला?

शनिवारच्या यादीतून तुझं नाव मी काढलंय. पोरांना मी नेतो. डॉक्टरांचा कागद आणि भरलेली वही घेऊन ये, मग गडाचं बोलू.