सूचनाफलकावरची यादी

पहिल्या चाचणीचे गुण लागले की दरवर्षी मी गणित विभागाच्या सूचनाफलकावर एक यादी लावायचो: ‘उपचारात्मक वर्ग – गणित’. तीत बहुतेक नावं पाड्यांवरून, तांड्यांवरून आलेल्या मुलांची. खाली माझी सही. १६ वर्षं मी ती यादी लावली आणि आपण या मुलांसाठी काही करतोय, या समाधानात घरी गेलो.

एका वर्षी त्या यादीत धडगावकडची एक मुलगी होती. घरी पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, आणि आता इंग्रजीतून कॅल्क्युलस. दोन तास आली, मग येईना. विचारलं तर खाली बघत म्हणाली, “सर, त्या वर्गात गेलं की सगळ्यांना कळतं.” काय कळतं, हे मी विचारलं नाही. तिच्या नावापुढे लाल शाईने ‘गै’ मांडत राहिलो. दुसऱ्या वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही.

गोडी नाही, पाया कच्चा, घरी वातावरण नाही. स्टाफरूममध्ये ही कारणं मी किती सहज बोलून गेलो! पुढे अमेरिकी गणितशिक्षणतज्ज्ञ युरी ट्राइसमन यांचं काम वाचलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्राध्यापकांनीही कृष्णवर्णीय विद्यार्थी गणितात मागे का पडतात, याची जवळपास हीच कारणं सांगितली होती. ट्राइसमन त्यावर विसंबले नाहीत. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात, ते त्यांनी जवळून पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय २० पैकी १८ जण वर्गातल्या कुणाबरोबरच अभ्यासाला बसत नव्हते. कष्ट करत होते, पण एकेकटे. मग ट्राइसमन यांनी कार्यशाळा सुरू केली. तिच्यावर ‘कच्च्यांचा वर्ग’ अशी पाटी नव्हती आणि उदाहरणं मुद्दाम अवघड होती, गटात बसून सोडवायची. तिथली मुलं इतरांच्या बरोबरीला आली, कित्येकदा पुढेही गेली.

वाचून मला लाज वाटली, कारण यातलं मला काहीच नवीन नव्हतं. मी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत आणली, त्या परंपरेतलंच ते वसतिगृह. तिथे रात्री एक दोस्त फरशीवर खडूने आकृती काढायचा आणि मला कळेपर्यंत पुसून पुन्हा काढायचा. त्या फरशीवर मी पास झालो. तरी त्या यशाला मी आयुष्यभर माझी मेहनत म्हणत आलो, आणि त्या मुलीच्या अपयशाला तिची पार्श्वभूमी.

आता मी यादी लावत नाही. बुधवारी संध्याकाळी वर्ग सगळ्यांना खुला असतो. चौघा-चौघांचे गट, अवघड उदाहरणं, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत वाद. तरीही पटकन उत्तर देणाऱ्या शहरी मुलाकडे माझी नजर आधी वळते. दर बुधवारी तिला आवरावं लागतं.

मुलींचं वसतिगृह विभागापासून दहा मिनिटांवर आहे. ती मुलगी यायची थांबली, त्या वर्षी मी एकदाही तिथे चौकशीला गेलो नाही. तो हजेरीपट मी जपून ठेवलाय. त्यातली लाल ‘गै’ची ती ओळ तिच्या नावापुढे आहे, पण गैरहजेरी माझी आहे.